दुसऱ्या गटातले ससे

बाबांच्या छातीत पहिली कळ आली तेव्हा ते साच्यावर, म्हणजे मागावर, उभे होते. लालबागच्या गिरणीत, साचेखात्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. साच्यांच्या त्या खडखडाटात माणूस ओरडला तरी शेजारच्याला ऐकू जात नाही. बाबा ओरडलेही नाहीत. त्यांनी साचा थांबवला, घामाने निथळत खाली बसले, आणि पलीकडच्या साचेवाल्याला वाटलं, तुटलेला धागा बघायला वाकलेत. बऱ्याच वेळाने कोणाच्या तरी लक्षात आलं की हा माणूस उठतच नाहीये.

दिवाळी नुकतीच झाली होती. चाळीतले कंदील अजून उतरवले नव्हते. मी तेव्हा परळच्या एका मोठ्या इस्पितळाला जोडलेल्या कॉलेजात, जीवरसायनशास्त्राच्या खात्यात संशोधन करत होतो. निरोप घेऊन आलेला माणूस धापा टाकत म्हणाला, "तुझ्या बाबांना तुमच्याच इस्पितळात आणलंय." मी हातातली परीक्षानळी स्टँडमध्ये ठेवली आणि जिना उतरून धावत गेलो.

हृदयाचा आलेख काढला होता. डॉक्टरांनी तो माझ्यासमोर धरला. मला तो वाचता येत होता, म्हणून त्यांनी काही बोलायची गरज नव्हती. तरी ते म्हणाले, "झटका मोठा आहे. वाचले हे नशीब. आता नुसतं पडून राहायचं. उठायचं नाही, बसायचं नाही, चिडायचं नाही."

"आणि औषध?" मी विचारलं.

"कळ आली तर जिभेखाली ठेवायची गोळी आहे. बाकी तुम्हीच लोक काही शोधून काढा." ते चेष्टेने बोलले नव्हते. पण ते वाक्य पुढे कित्येक महिने माझ्या कानात राहिलं.

कारण मी ज्या आजारावर काम करत होतो, तोच हा आजार होता.

आमच्या खात्याचा प्रश्न दिसायला साधा होता. वयाबरोबर माणसाच्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अंगाला पिवळट चरबी साचत जाते. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या वाहिनीत साचते, आणि खुद्द हृदयाला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्यांतही साचते. एक दिवस तिथे गुठळी अडकते आणि वाट बंद होते. त्या चरबीत कोलेस्टेरॉल नावाचा मेणचट पदार्थ असतो, हे जगाला ठाऊक होतं. तो तिथे पोहोचतो कसा आणि चिकटून का बसतो, हे कोणालाच धड माहीत नव्हतं. कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. रक्तातून ते प्रथिनांच्या पाठीवर बसून फिरतं. मग भिंतीपाशी आल्यावर ते त्या वाहनासकट आत घुसतं, की एकटंच उतरतं? की भिंत स्वतःच ते तयार करते? आणि एकदा आत गेलेलं बाहेर येतं का?

आमचे सर दादरला राहायचे. सडपातळ, मितभाषी, पुण्यात शिकलेले. बोलताना वाक्य पुरं झाल्याशिवाय श्वास घ्यायचे नाहीत. या एका प्रश्नावर त्यांनी परदेशातली बरी नोकरी सोडली होती, असं खात्यात म्हणत. त्यांनीच मला सशांचा प्रयोग दिला होता. ससा गवत खाणारा प्राणी. त्याच्या रोजच्या खाण्यात कोलेस्टेरॉल नसतंच. ते तिळाच्या तेलात विरघळवून भरडलेल्या चण्यात कालवून घातलं, की काही महिन्यांत त्याच्या रक्ताचं पाणी दुधाळ होतं आणि वाहिन्यांच्या भिंतीवर पिवळे चट्टे उठतात. आम्ही सशांचे दोन गट केले होते. पहिल्या गटाला ते तेल द्यायचं आणि देतच राहायचं. दुसऱ्या गटाला चट्टे पडण्याइतके दिवस द्यायचं आणि मग एकदम बंद करायचं. पुन्हा साधं गवत, कोबीची पानं, चणे. मग काही महिने थांबून बघायचं, की चट्टे जातात का.

बाबा आजारी पडले त्याच सुमारास दुसऱ्या गटाचं तेल बंद करायची वेळ आली होती.

महिनाभराने बाबांना घरी आणलं. तिसऱ्या मजल्यावरची आमची खोली. चार जणांनी त्यांना खुर्चीत बसवून वर चढवलं, आणि बाबा सगळा वेळ त्या चौघांची माफी मागत होते. मी त्याच दिवशी आईला सांगितलं, "आजपासून बाबांच्या जेवणात खोबरं नको. तेल नावाला. अंडं नको, मटण नको."

आई चुलीपुढे बसली होती. तिला आधी कळलंच नाही. "खोबऱ्याशिवाय? मगे आमटीत काय घालू?"

"काही घालू नकोस. नुसती उकडलेली डाळ दे."

"आणि निस्त्याक?"

"मासा उकडून. मीठ-हळद लावून."

आम्ही मालवणकडचे. आमच्या घरात दुपारी नारळ फुटल्याचा आवाज आला नाही असा दिवस मला आठवत नव्हता. आई माझ्याकडे बघत राहिली. मी तिला समजावलं. म्हणजे जेवढं मलाच समजलं होतं तेवढं सांगितलं. सशांचं सांगितलं. तेल दिलं की चट्टे पडतात हे नक्की आहे. तेल बंद केल्यावर काय होतं, ते मी बघतोय. तिने विचारलं, "तुझे ससे बरे झाले तर तुझे बाबा बरे होतले?"

मी म्हणालो, "व्हायला हरकत नाही."

शास्त्रज्ञाने एवढंच म्हणायचं असतं. पण आईने ते 'हो' असं ऐकलं, आणि खरं सांगायचं तर मीही तसंच ऐकलं. त्या दिवसापासून माझ्या मनात बाबा दुसऱ्या गटात जाऊन बसले. प्राणिघरात पिंजऱ्यापुढे उभा राहिलो की मला पांढरे, लाल डोळ्यांचे ससे दिसत, आणि त्यांच्या रांगेत कुठेतरी घोंगडीवर पडलेले बाबा.

बाबांनी कुरकुर केली नाही. एका बाईला दोन स्वयंपाक करायला नकोत म्हणून आई, मी, धाकटी बहीण, सगळेच खोबऱ्याविना जेवू लागलो. बाबा उकडलेला बांगडा शांतपणे खायचे. फक्त एकदा, शेजारच्या खोलीतून खोबऱ्याच्या वाटपाच्या फोडणीचा वास आला तेव्हा, त्यांनी हातातला घास ताटात ठेवला आणि डोळे मिटून बसले. मग पुन्हा जेवू लागले.

दर आठवड्याला मी सशांच्या कानाच्या शिरेतून रक्त काढायचो. त्यातलं कोलेस्टेरॉल क्लोरोफॉर्ममध्ये ओढून घ्यायचं, त्यावर दोन आम्लं घालायची, की हिरवा रंग उमटतो. जितकं कोलेस्टेरॉल जास्त, तितका हिरवा गडद. पहिल्या गटाच्या नळ्या शेवाळासारख्या हिरव्या व्हायच्या. दुसऱ्या गटाच्या नळ्या आठवड्यामागून आठवडा फिकट होत चालल्या. एका सोमवारी मी नळी खिडकीच्या उजेडात धरली आणि ती जवळजवळ पाण्यासारखी दिसली. मला हसू आवरेना. टेबलापलीकडून सरांनी मान वर केली.

"रक्त निवळलं, सर."

"रक्त," ते म्हणाले. "भिंत अजून पाहिलेली नाही."

पण मी घरी जाऊन सांगितलंच. बाबा तेव्हा थोडं बसू लागले होते. "तुझे ससे काय म्हणतत?" हा त्यांचा रोजचा प्रश्न झाला होता. त्या दिवशी मी म्हणालो, "सशांचं रक्त साफ झालं, बाबा." बाबांनी आईकडे पाहिलं. ती देवापुढे दिवा लावत होती. तिने दिव्याची वात पुढे सरकवली. दुसऱ्या दिवशी शेजारणीकडून कळलं की तिने गावच्या देवीला नवस बोलला होता. काय बोलली ते मी विचारलं नाही.

मग जानेवारी आला.

मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं दिल्लीहून जाहीर झालं, आणि गिरणगाव पेटलं. भोंगे वाजले पण गिरण्यांत कोणी गेलं नाही. रस्त्यांवर दगडांचा खच पडला, दिवे फुटले. पोलिसांच्या गाड्या लालबागच्या नाक्यावर उभ्या राहिल्या आणि संचारबंदी लागली. अश्रुधुराने चाळीतल्या पोरांचे डोळे सुजले. आई ओला पंचा बाबांच्या नाकातोंडावर धरून बसायची. पलीकडच्या चाळीत गॅलरीत उभ्या असलेल्या एका बाईला गोळी लागली. तिचा आरडाओरडा आमच्या खोलीत ऐकू आला, आणि मग तो थांबला ते जास्त वाईट होतं.

बाबा उठायला बघायचे. "माका गॅलरीत जाऊंदे. बघूंदे तरी."

"बाबा, डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"आपल्या माणसांवर गोळ्ये घालतत आणि मी हयसर घोंगडेर पडान ऱ्हवू?"

मी त्यांचे खांदे धरून त्यांना खाली निजवलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी बाबांवर जोर केला होता, आणि त्यांच्या अंगात विरोध करण्याइतकी ताकद नव्हती. ते मला हाताला जाणवलं. मग ते छतावरच्या वाशांकडे बघत राहिले. चेहरा घामेजला होता. मी त्यांच्या जिभेखाली गोळी ठेवली.

आणि माझं अर्धं मन प्राणिघरात होतं. पाणी कोण घालत असेल? प्राणिघर सांभाळणारा शिपाई नायगावच्या बीडीडी चाळीत राहायचा. तिथेही तेच चाललं असणार. खिडकीशी बसून मी मनात मोजत राहायचो, की ससा पाण्याशिवाय किती काढेल. मला स्वतःची चीड यायची. रस्त्यावर माणसं मरत होती आणि मला सशांची काळजी होती. पण ते ससे नव्हतेच. आमच्या घरात त्यांना कोणी ससे म्हणत नव्हतं, 'बाबांचे' म्हणायचे. एका सकाळी आईच मला म्हणाली, "बाबांच्यांका पाणी कोण देता रे?"

संचारबंदी काही तास उठली, तसा मी निघालो. आईने घरात होती ती कोबीची पानं आणि भिजवलेले चणे एका पिशवीत बांधून दिले. परळकडे जाणारा मोठा रस्ता टाळून गल्ल्यागल्ल्यांतून चाललो. रस्त्यावर चपला पडल्या होत्या, एकेकट्या. नाक्यावर पोलिसांनी अडवलं. पिशवी उलटी केली. पानं आणि चणे रस्त्यावर सांडले.

"ये किसके लिये?"

"खरगोश के लिये. अस्पताल में."

विचारणाऱ्या पोलिसाला वाटलं, मी थट्टा करतोय. त्याने माझ्या कानशिलात लगावली. त्याच्या मागचा वयस्क जमादार मराठी होता, तो खाली बघत म्हणाला, "जा रे बाबा, घेऊन जा काय ते." मी गुडघे टेकून चणे वेचले.

प्राणिघराचं दार उघडलं तेव्हा आधी वास आला. पाण्याची भांडी कोरडी होती. काही पिंजऱ्यांत ससे आडवे पडले होते, पाय ताठ करून. दोन्ही गटांतले. जे जिवंत होते ते कोपऱ्यात अंग आक्रसून बसले होते, आणि मी आत शिरलो तरी त्यांनी कान हलवले नाहीत. मी एकेक भांडं भरून पिंजऱ्यात सरकवू लागलो.

थोड्या वेळात प्राणिघराचा शिपाई आला. तोही तसाच गल्ल्यांतून आला होता. त्याच्या कपाळाला पट्टी होती. दगड लागला होता, कोणाचा ते त्यालाही माहीत नव्हतं. दारात उभं राहून त्याने पिंजऱ्यांकडे पाहिलं.

"साहेब, मेलेले ठेवायचे का? बर्फ नाही कुठे."

"सडायला लागलेत. त्यांचा काही उपयोग नाही आता."

"दुसऱ्या गटातले किती राहिले?"

मी सांगितलं नाही. त्याने स्वतःच मोजले आणि झाडू घेतला. आम्ही दोघांनी मिळून मेलेले बाहेर काढले, पिंजरे धुतले, पानं वाटली. एका सशाने पान तोंडात घेतलं आणि चावायला सुरुवात केली, तेव्हा मला रडू फुटलं. शिपायाने माझ्याकडे पाठ केली आणि बराच वेळ एकच पिंजरा घासत राहिला.

शांतता झाल्यावर सर आले. मी त्यांना म्हणालो, "उरलेले आताच उघडू या, सर. पुन्हा काही झालं तर एकही हाती लागणार नाही."

"तुम्हाला उत्तर हवं आहे, की घाई आहे?"

"दोन्ही."

त्यांना बाबांचं माहीत होतं. तरी ते म्हणाले, "अजून थोडा वेळ द्या त्यांना. लवकर उघडलंत आणि चट्टे दिसले, तर तुम्ही म्हणाल वेळ पुरला नाही. मग काय करणार?"

मी वाट पाहिली. तसली वाट मी पुन्हा कधी पाहिली नाही. रोज सकाळी जिना उतरण्यापूर्वी बाबांच्या श्वासाकडे बघायचो, आणि रोज खात्यात पोहोचल्यावर आधी प्राणिघरात जाऊन सशांच्या श्वासाकडे. बाबांना आता जिन्यापर्यंत चालतानाही कळ येऊ लागली होती. त्यांनी ती लपवायचा प्रयत्न केला, पण चालताना मधेच थांबून ते भिंतीवरचं कॅलेंडर बघू लागत, आणि घरात सगळ्यांना ठाऊक होतं की त्यांना त्या कॅलेंडरात काही बघायचं नसतं.

होळी झाल्यावर सर म्हणाले, "उद्या."

सशांना गुंगीचं औषध देऊन आम्ही एकेक उघडला. हृदयापासून खाली जाणारी वाहिनी मी लांबीतून कापली, धुतली, मेणाच्या पाटीवर टाचण्यांनी पसरवली. चरबीला लाल रंग चढवणाऱ्या द्रावणात बुडवली आणि बाहेर काढली. पहिल्या गटातली वाहिनी लाल झाली. ती होणारच होती. मग दुसऱ्या गटातली काढली.

तीही लाल होती.

मी ती पुन्हा धुतली. मला वाटलं, रंग जास्त वेळ राहिला असेल. दुसरी वाहिनी घेतली, मग तिसरी. कुठे थोडा फिका, कुठे जास्त गडद, पण लाल. एके ठिकाणी चट्टा बोटाला कठीण लागला, आणि कापल्यावर आत पांढरा, चिवट थर दिसला. चरबीभोवती भिंतीने स्वतःच जणू गाठ बांधली होती. सरांनी भिंग घेऊन बराच वेळ पाहिलं.

"रक्त निवळलं," ते म्हणाले, "पण भिंतीने आत घेतलेलं सोडलेलं नाही."

"वेळ कमी पडला असेल," मी म्हणालो.

सरांनी भिंग खाली ठेवलं. ते मला 'मी सांगितलं होतं ना' असं म्हणू शकले असते. ते म्हणाले, "असेल. सशाच्या आयुष्यात तो कमी नव्हता. माणसाचं मला माहीत नाही. तुम्ही घरी जा आज."

मी घरी गेलो नाही. शिवडीकडे चालत सुटलो. गोदामांच्या भिंतीलगत, जिथे हातगाड्या उभ्या असतात तिथपर्यंत, आणि परत. डोक्यात एकच होतं, की बाबा विचारणार.

त्यांनी विचारलं. मी पाय धुऊन आत आलो तेव्हा ते खिडकीपाशी बसले होते. "झिला, तुझे ससे काय म्हणतत?"

आई माझ्याकडे बघत होती आणि अगदी बारीक मान हलवत होती. सांगू नको.

"अजून बघायचंय, बाबा."

"माझ्याकडे बघ. खरा सांग."

मी त्यांच्यासमोर बसलो आणि सांगितलं. जसं सरांना सांगितलं असतं तसं. रक्त साफ होतं. साचलेलं जात नाही. निदान सशात, निदान इतक्या दिवसांत जात नाही. नवीन साचणं कमी होत असेल कदाचित. हे सगळं मी सांगत असताना ते लक्ष देऊन ऐकत होते. साच्यात काय बिघाड आहे ते फिटर सांगतो तेव्हा ऐकायचे तसे.

"म्हणजे जा बसला, ता बसला."

"आम्हाला नीट माहीत नाही, बाबा. ससे थोडे उरले होते. माणूस म्हणजे ससा नव्हे. तुम्ही पथ्य सोडू नका."

"किती वर्षां पाळू?"

बाबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांच्या बोटांवर सुताने पडलेले घट्टे होते; इतके महिने पडून राहूनही ते गेले नव्हते. "तुया केलंस ता बरा केलंस," ते म्हणाले. "पण आता माका जेवूक देवा." मग आईकडे वळून म्हणाले, "उद्या निस्त्याक खोबरा घाल गो."

आई उठून मोरीत गेली आणि नळ सोडून तिथेच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने नारळ फोडला. मी अडवायला हवं होतं की नव्हतं, हे मी त्यानंतर किती वेळा स्वतःशी बोललो असेन. त्या दिवशी माझ्याकडे त्यांना अडवायला शब्दच नव्हता. आम्ही चौघं जेवायला बसलो. धाकटी बहीण कालवणाचं भांडं बघून खूश झाली आणि मग सगळ्यांचे चेहरे बघून मान खाली घालून जेवू लागली. बाबा पोटभर जेवले. भात दोनदा घेतला. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती वाढत होती.

त्यानंतर बाबा बाहेर जाऊ लागले. आधी जिन्यापर्यंत, मग नाक्यावरच्या हॉटेलात, मग परळच्या मैदानातल्या सभांना. मी त्यांच्यासोबत जायचो. ते मधेमधे कोणाच्या तरी ओट्यावर बसायचे. सभेत लोक हात उंचावून 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' म्हणत, तेव्हा बाबा हात खांद्यापर्यंतच उचलायचे, कारण त्याच्या वर गेला की कळ यायची. त्यांच्या तोंडावर मात्र समाधान असायचं. मला त्या समाधानाचा राग यायचा. मला वाटायचं, हा माणूस आशा सोडून मोकळा झाला आणि ती सगळी माझ्या अंगावर टाकून गेला.

मी सशांचा नवा गट मागितला. सर म्हणाले, कोलेस्टेरॉलची पूड परदेशाहून येईपर्यंत थांबावं लागेल. मी म्हणालो, तोवर काय करू? त्यांनी मला दुसरं काम दिलं. गाळणीच्या कागदाच्या पट्टीवर रक्ताचा थेंब टाकून विजेच्या प्रवाहात ठेवायचा, की त्यातली प्रथिनं वेगवेगळ्या अंतरावर जाऊन पसरतात. कोलेस्टेरॉल नेमकं कोणाच्या पाठीवर बसतं, ते त्यावरून कळेल. काम चांगलं होतं. मी ते यंत्रासारखं करत होतो. पट्टी वाळत घालताना मला सारखं वाटायचं की हे सगळं फार उशिरा चाललंय, वीस वर्षं आधी कोणीतरी करायला हवं होतं.

वैशाखात, भर दुपारी, बाबा गॅलरीत बसून समोरच्या म्हाताऱ्याशी बोलत होते. बोलता बोलता थांबले. म्हातारा म्हणाला, "काय झालं?" बाबांनी हात छातीवर ठेवला आणि 'काही नाही' अशी खूण केली. आई गोळी घेऊन धावली. तोवर त्यांचं अंग गार पडलं होतं. पुन्हा तीच खुर्ची, तोच अरुंद जिना, चाळीतली माणसं, आणि वरून आईचा आवाज: "हळू, हळू रे." मला निरोप आला तोवर ते इस्पितळात पोहोचले होते. मी त्यांच्या उशाशी गेलो तेव्हा त्यांनी डोळे उघडले. मला ओळखलं. काहीतरी बोलायला ओठ हलवले, पण नळीतून प्राणवायू दिला होता, आणि मला काही ऐकू आलं नाही. मी वाकलो. तेवढ्यात ते गेले.

सर आले होते. वॉर्डच्या बाहेर, भिंतीला टेकून उभे होते. पुढच्या विधींचं सगळं बोलून झाल्यावर ते माझ्याजवळ आले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"मला विचारायला नको असं वाटतंय," ते म्हणाले, "आणि विचारलं नाही तर उद्या तुम्हीच मला विचाराल, का विचारलं नाही. त्यांचं हृदय पाहायचं का?"

मला हो म्हणायचं होतं. मला बघायचं होतं. जे इतके महिने मी मनात बघत होतो, ते बाबांच्या छातीत खरोखर कसं होतं? चट्टे कुठे होते? त्या कठीण, पांढऱ्या थरासारखे होते का? खोबरं सोडलं त्या महिन्यांनी काही फरक पडला होता का? इतर कुठल्याच माणसाच्या बाबतीत मला हे कळणार नव्हतं. मी आईकडे गेलो. ती बाकावर बसली होती, बहिणीला कुशीत घेऊन. मी तिच्यापुढे उकिडवा बसलो आणि विचारलं.

तिने मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाली, "तू ससे फाडलंस. मी काय बोललंय? नाय ना? तेंका फाडूचा नाय."

"आई, त्यातून दुसऱ्या कोणाला—"

"नाय."

मी सरांकडे जाऊन मान हलवली. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि निघून गेले. मला वाईट वाटलं, की सुटलो असं वाटलं, हे मला अजूनही सांगता येत नाही. बाबांना आम्ही शिवडीच्या स्मशानात नेलं. गिरणीतले लोक आले होते, काही जण तसेच पाळी सोडून, केसांत कापूस घेऊन.

त्या सशांवरचं आमचं काम कुठे छापून आलं नाही. सर म्हणाले, उरलेल्या इतक्या थोड्या प्राण्यांवर जगासमोर काही सांगणं बरं नव्हे. ते खरंच होतं. नवी पूड आली तेव्हा त्यांनी मला पुन्हा ससे घेणार का विचारलं. मी नाही म्हणालो. त्याऐवजी शवागारातून येणाऱ्या वाहिन्यांवर काम सुरू केलं. भिंतीतल्या पेशी ती चरबी कशी गिळतात, यावर. काचेच्या बरणीवर नाव नसायचं, फक्त वय. बाबांच्याएवढं, पन्नाशीच्या जवळपासचं वय दिसलं की मी ती बरणी शेवटी घ्यायचो. त्याच कामात माझी नोकरी सरली.

संयुक्त महाराष्ट्र झाला तेव्हा चाळीत पेढे वाटले. आईने एक पेढा बाबांच्या फोटोपुढे ठेवला आणि ती झोपून राहिली. तिला त्या दिवशी कोणाशी बोलायचं नव्हतं.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका दुपारी, आमच्या ग्रंथालयात, परदेशातल्या एका मासिकात मी वाचलं की माकडांमध्ये, तेल बंद करून पुरेसा लांब काळ थांबलं, तर साचलेलं काही अंशी कमी होतं. वर्षं लागतात, पण होतं. मी तो मजकूर दोनदा वाचला. शेजारी एक विद्यार्थी टिपणं काढत होता. मी त्याला विचारलं, "किती वाजले?" त्याने सांगितलं. मला घ्यायची होती ती तोंडी परीक्षा सुरू व्हायला अजून अवकाश होता. मी मासिक मिटून जागेवर ठेवलं आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. खाली इस्पितळाच्या दारात एक बाई नवऱ्याला टॅक्सीतून उतरवत होती. त्याचा हात छातीवर होता. मी त्याला हात द्यायला जिन्याकडे निघालो.